ओत्सोचं पातेलं

मासळीच्या काउंटरपाशी कोणीतरी एर्क्काची बाही धरली. सही मागणारं कोणी असेल असं समजून त्याने वळायच्या आधीच ते नेहमीचं अर्धं हसू तोंडावर आणलं, आणि वळल्यावर ते तिथेच अडकलं, कारण समोर साइया होती आणि ती हसत नव्हती. साइया म्हणजे त्याच्या संघातल्या ओत्सोची बायको. तिच्या एका हातात बटाट्यांची पिशवी होती, डोक्यावर ओत्सोची लोकरी टोपी होती, आणि ती टोपी तिला इतकी मोठी होती की भुवया दिसत नव्हत्या. "एर्क्का," ती म्हणाली, "एक मागू? तू गोल मारू नकोस." त्याला नीट ऐकू आलं होतं, तरी तो "काय?" म्हणाला. "दोन गुण. तेवढे होऊ देऊ नकोस. ते हेल्मेट ओत्सोकडेच राहू दे." काउंटरमागच्या बाईने साल्मन किती देऊ म्हणून विचारलं, साइयाने अर्धा किलो सांगितला, पुडकं घेतलं आणि ती बिलाच्या रांगेकडे निघून गेली. एर्क्का बर्फावर मांडलेल्या हेरिंगकडे बघत उभा राहिला. चेष्टा होती का? साइया चेष्टा करायची, खूप करायची, पण तिची चेष्टा मोठ्या आवाजात असायची. हे ती हळू बोलली होती. "तुला काय देऊ?" बाईने विचारलं. तो काय घ्यायला आला होता हेच त्याला आठवेना, म्हणून त्याने हेरिंग घेतले, जे त्याला आवडत नव्हते.

बाहेर दुपारचे दोन वाजले होते आणि अंधार पडायला लागला होता. फिनलंडच्या उत्तरेला, केमीत, डिसेंबरमध्ये एवढाच दिवस असतो, त्याची तक्रार कोणी करत नाही. कागद गिरणीचा उबट, उकडलेल्या कोबीसारखा वास गाडीत शिरला. एर्क्काने इंजिन चालू केलं आणि नुसता बसून राहिला. आइस हॉकीच्या या लीगची रीत अशी की प्रत्येक संघात ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याने सोनेरी हेल्मेट घालून खेळायचं. गोल मारला तर एक गुण, गोल होईल असा पास दिला तरी एक. बाकी सगळी डोकी काळी, एक सोनेरी; टीव्हीसमोर झोपाळलेल्या आजोबांनाही कळावं की नजर कुठे ठेवायची. नोर्पा संघात, म्हणजे आमच्या या खाडीतल्या सीलच्या नावाने खेळणाऱ्या संघात, त्याला पातेलं म्हणत. ऑक्टोबरमध्ये ते ओत्सोच्या डोक्यावर आलं तेव्हा सॉनात, त्या वाफेच्या खोलीत, काय धमाल उडाली होती! "ओत्सो, पातेल्यात काय शिजतंय?" "काही नाही, रिकामंच आहे!" असं तोच म्हणाला होता, आणि गरम दगडांवर पाणी फेकून त्याने सगळ्यांना बाकांवरून पळवून लावलं होतं. पण आरशासमोर ते डोक्यावर बसवताना एर्क्काने त्याला पाहिलं होतं. ओत्सोने हनुवटीचा पट्टा दोनदा सोडून पुन्हा लावला होता. एर्क्का उजवीकडून खेळायचा, ओत्सो डावीकडून. एकाच फळीत, एकाच बर्फावर त्यांची तारुण्यं गेली होती, आणि ओत्सो एर्क्कापेक्षा थोडा बरा खेळाडू आहे ही गोष्ट दोघांमध्ये इतकी जुनी झाली होती की तिच्याविषयी कधी बोलावं लागलं नव्हतं.

नोव्हेंबर संपताना दक्षिणेकडच्या एका शहरात समोरच्या संघाचा बचावपटू मैदानाच्या मधोमध ओत्सोवर येऊन आदळला. त्याने गर्दीत ओत्सोला शोधलं नाही, शोधावं लागलंच नाही. चकतीकडे बघायला ओत्सोची मान खाली गेली होती आणि ते सोनेरी डोकं सगळ्या दिव्यांखाली लखलखत होतं. आवाज फार मोठा झाला नव्हता. एर्क्काला तो आवाज नंतर भलत्याच ठिकाणी ऐकू यायचा, कपाटाचं दार लागताना, पाव कापताना. ओत्सो पाठीवर पडला होता, डोळे उघडे, आणि अगदी सभ्यपणे विचारत होता, "कोण जिंकतंय?" एर्क्काने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा, "कोण जिंकतंय?" तो खाली वाकून त्याचा हातमोजा धरून बसला होता आणि मनात पहिला विचार आला तो असा की बरं झालं, पातेलं माझ्या डोक्यावर नव्हतं. त्या विचाराची लाज वाटायच्या आतच दुसरा विचार येऊन शेजारी बसला. ओत्सोचे एकतीस, माझे तीस. बरोबरी झाली तर पातेलं जुन्याच माणसाकडे राहतं. म्हणजे दोन.

आणि आता साइयाही तेच म्हणाली होती, दोन. तिला आकडा पाठ होता. जखमी माणूस पुढे असेल तोवर पातेलं त्याच्या जागेवरच्या फळकुटावर ठेवायचं, दुसऱ्या कोणी त्याला खरोखर मागे टाकेपर्यंत कोणी ते घालायचं नाही, ही नोर्पाची आपली स्वतःची रीत होती. बाकी संघ पुढच्या माणसाच्या डोक्यावर चढवून मोकळे होतात. सामान सांभाळणारा म्हातारा हेइमो रोज ते पुसायचा. ओत्सोची जागा रिकामी, खुंटीवर कपडे नाहीत, आणि वर ते सोनेरी गोल. समोरच एर्क्काची जागा होती. बूट बांधून मान वर केली की तेच.

त्या संध्याकाळी घरच्या मैदानावर सामना होता. दुसऱ्या डावात समोरचा गोली घसरला आणि चकती एर्क्काच्या काठीवर आली, जाळी सताड उघडी. त्याने चकती मारली नाही. मारायची नाही असं ठरवलंही नाही. हात निघाले होते, मग साइयाची ती मोठी टोपी दिसली, आणि हात थांबले. तो जाळीमागे वळसा घालून गेला, जसा काही याहून बरी जागा शोधतोय, आणि तोवर गोली उठला होता. चार हजार माणसांनी एकदम श्वास सोडला. बाकावर परतल्यावर कोच तार्मो त्याच्या मानेपाशी वाकून म्हणाला, "काय रे, दार उघडं होतं. खिडकीतून कशाला जात होतास?" एर्क्का पाणी प्यायला. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतं ते हलकं, चोरून कोणाला तरी काही देऊन आल्यासारखं.

पुढे त्याला कळलं की गोल न मारणं हेही एक काम आहे आणि ते शिकावं लागतं. पासही जपून द्यावा लागे, कारण दिलेल्या पासवर दोघांच्या मध्ये खेळणारा पोरगा उर्हो गोल मारून बसला तर गुण पदरात पडायचाच. तेव्हा अर्धा क्षण उशीर करायचा. काठी किंचित उघडी धरायची. गर्दीत शिरायचं, पण गर्दी फुटायच्या आधी निघायचं. कोणाच्या लक्षात येत नव्हतं, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात येत होतं की एर्क्का होलाप्पा मारत नाहीये, पण मुद्दाम मारत नाहीये हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. असं कोण करेल? रात्री अंथरुणात पडल्यावर तो स्वतःला सांगायचा की मित्राकडे एकच गोष्ट उरली आहे, ती मी काढून घेत नाहीये. हे वाक्य त्याला आवडायचं. मग अंधारात थोडा वेळ गेला की त्या वाक्याच्या खालचं दिसायला लागायचं. ते हेल्मेट डोक्यावर चढलं की दक्षिणेतले ते धिप्पाड बचावपटू आपल्याकडे येणार. साइयाने मागितलं नसतं तर त्याला दुसरं काही कारण शोधावं लागलं असतं. तिने आयतं आणून दिलं, मासळीच्या काउंटरवर. मी भितो, तो अंधारात म्हणायचा, शब्द तोंडातल्या तोंडात, आणि शेजारी कोणी नसतानाही कान टवकारायचा. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, तिचं तोंड तो उघडत नसे. लहानपणी शाळेच्या अंगणात पाणी ओतून केलेल्या बर्फावर पोरं दोन संघ पाडायची तेव्हा ओत्सोला कोणीतरी सगळ्यांत आधी निवडायचं, आणि मग ओत्सो एर्क्काचं नाव सुचवायचा. दरवेळी. त्या वयातही ते एर्क्काला गोड लागायचं आणि बोचायचंही.

जानेवारीत संघ घसरत गेला. फेब्रुवारीत तळाला आला. तळाचा संघ मोसमाच्या शेवटी खालच्या लीगच्या विजेत्याशी झुंजतो आणि हरला तर खाली जातो. केमीसारख्या गावात खाली गेलेला संघ पुन्हा वर येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं, किंवा फक्त तेच बोलत होतं. पेट्रोल पंपावर कॉफी पिताना गिरणीतले लोक त्याला सोडेनात. "होले, काठीला भोक पडलंय का रे?" "काठीला नाही, त्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय." "अरे बाबा, जाळी ती लाल दांड्यांच्या मधली. आमच्या म्हातारीलाही दिसते." तो हसायचा, कप ठेवायचा, निघायचा. एकदा त्यांच्यातला एक जण दारापर्यंत आला आणि चेष्टा बाजूला ठेवून म्हणाला, "माझी दोन्ही पोरं तिथे तिकिटं फाडतात, एर्क्का. जरा बघ." हे सहन करणं कठीण होतं. परगावच्या सामन्यांहून बस परतायची तेव्हा बाहेर बर्फ आणि झाडं, झाडं आणि बर्फ, आणि तार्मो पुढच्या सीटवरून मागे न बघता बोलायचा. "मारतोयस कुठे तू? दान करत सुटलायस. ओत्सो असता तर..." आणि तिथे तो थांबायचा. बसमधले सगळे ओत्सो असता तर या जागी थांबायचे.

एका गुरुवारी तो ओत्सोकडे गेला. दाराशी बूट काढताना त्याने सवयीने एकावर एक आपटले आणि आतून ओत्सोचा आवाज आला, "हळू रे, तोफा नको." पडदे लावलेले होते. ओत्सो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, काळा चष्मा लावून, दाढी वाढलेली, खांद्यांवरून स्वेटर लोंबत होता. गुरुवारी इथे घरोघर वाटाण्याचं सूप करतात, तेच होतं. साइयाने फ्रिजचा प्लग काढला. तो गुणगुणतो आणि ओत्सोला सहन होत नाही, म्हणून कोणी आलं की ती काढायची. "दूध नासलं की माझ्या नावावर," ओत्सो म्हणाला. "तार्मो ओरडतो का अजून?" "आता बसमध्येही ओरडतो." "बरं आहे, रस्ता लवकर संपत असेल." हसताना त्याने एक हात टेबलावर सपाट दाबून धरला. मग त्याने विचारलं, अगदी सहज, सुपात मोहरीची चटणी घालता घालता, "पातेलं?" "तुझ्याच फळकुटावर. हेइमो रोज पुसतो." ओत्सोचा चेहरा सैल पडला, आणि एर्क्काला वाटलं की चला, एवढ्यासाठी चाललं सगळं, हरकत नाही. "तिसावर अडकलायस म्हणे," ओत्सो म्हणाला. "जातच नाही चकती आत." "म्हातारा झालास." "तू कोणता कोवळा आहेस?" ओत्सो हसला आणि साइयाकडे हात करून म्हणाला, "जरा ते दे ना. ते. ढवळायचं." साइयाने चमचा दिला. एर्क्का सुपाकडे बघत राहिला. ते. ढवळायचं. ओत्सोने नीट, फार नीट ढवळलं.

साइया त्याला सोडायला जिन्याने खाली आली. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे ओकला तो. परवा. पत्रपेटीपर्यंत जाऊन येतो म्हणाला होता." भिंत धुतलेली दिसत होती. एर्क्का म्हणाला, "मी मारत नाहीये. तू सांगितल्यापासून एकही नाही. त्याला बरं वाटतं ना, दिसलं मला." साइयाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपण मूर्ख आहोत हे आधी कळलं, का आहोत ते नंतर. "त्याला बरं वाटावं म्हणून मागितलं मी? एर्क्का, तू त्याला माझ्याआधीपासून ओळखतोस." ती पायरीवर बसली. "ते हेल्मेट त्याचं आहे तोवर तो पडून राहतो. पहिला तर मीच आहे, मग घाई कशाची, असं म्हणतो आणि झोपतो. ज्या दिवशी ते दुसऱ्याचं होईल त्या दिवशी हा बूट घेऊन निघेल. डॉक्टरला सांगेल डोकं दुखत नाही, झोप छान लागते. सांगेलच. आणि मग कोणीतरी पुन्हा आदळेल त्याच्यावर." "तू सांग ना डॉक्टरला," एर्क्का म्हणाला. "सांगितलं तर तो माझ्याशी या घरात राहणार नाही," ती म्हणाली. "आणि तो एकटा राहू शकत नाही आता. चमचा बघितलास ना?" वर कुठेतरी दार उघडलं, ती उठली, टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमचा संघ खाली जाईल ना?" तिने विचारलं. "जाईल बहुतेक." "मला वाईट वाटतं त्याचं," ती म्हणाली आणि वर गेली.

त्यानंतर खेळणं हे त्याच्यासाठी खेळणं राहिलं नाही. पूर्वी तो एक गोष्ट देत होता असं तरी वाटायचं. आता चकती काठीवर आली की एका बाजूला तिकिटं फाडणारी पोरं, हेइमो, तार्मो, सगळं गाव, आणि दुसऱ्या बाजूला ओत्सोचं डोकं, आणि मध्ये हा, लोखंडी पात्यांवर, तासाला चाळीसच्या वेगाने. असा विचार करायला वेळ नसतो. विचार पायांत उतरतो. त्याचे पाय जड झाले. सॉनात पोरं त्याच्याशी बोलताना आवाज खाली आणायची, आजारी माणसाशी बोलावं तशी. उर्हो एकदा म्हणाला, "होले, तुला कोणाशी बोलायचंय का? म्हणजे, असे लोक असतात, बोलायला." त्या पोराच्या चांगुलपणाचा त्याला इतका राग आला की तो उठून बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला, उघडा, अंगातून वाफा निघत. खाडी गोठलेली होती. लांबवर बर्फ फोडणाऱ्या जहाजाचा दिवा हलत होता. त्याला ओत्सोचा हेवा वाटला. पडून राहायचं, पडदे लावून, आणि पहिलं असायचं.

मार्चमध्ये मोसम संपत आलेला, उजेड परतलेला, आणि घरच्या मैदानावर तो सामना झाला ज्यात हरलं तर सगळं संपलं असतं. लांबून कोणीतरी मारलेली चकती एर्क्काच्या कमरेला लागून आत गेली. तो जाळीसमोर पाठ करून उभा होता. त्याने काहीच केलं नव्हतं, त्याला तर दुखलं. लोक वेडे झाले. एकतीस. तो बाकावर बसून कंबर चोळत होता आणि शेजारचा प्रत्येक जण त्याच्या डोक्यावर थापा मारत होता, आणि बरोबरीत पातेलं जात नाही, बरोबरीत जात नाही, असं तो मनात म्हणत होता. सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. तिथे बर्फावर माणसं कमी असतात, जागा फार असते. चकती कडेच्या फळीवरून उसळून आली, सरळ, आणि पुढे फक्त गोली होता. नंतर त्याने खूपदा आठवून पाहिलं की त्या क्षणी आपण कोणाचा विचार केला. साइयाचा नाही. गावाचा नाही. ओत्सोचा तर नाहीच. काठी मागे गेली, हात मोकळे झाले, आणि तीन महिने आत कोंडलेलं काहीतरी मनगटातून निघून गोलीच्या खांद्यावरून जाळीत गेलं. तो ओरडला. किती आनंद झाला होता त्याला! बर्फावर गुडघ्यांनी घसरत तो ओरडत होता, आणि काचेमागे गिरणीतला तो माणूस रडत होता. त्या रात्री एर्क्का झोपला, गाढ, स्वप्नं न पडता. सकाळी जाग आल्यावर मगच त्याला आठवलं.

हेइमोने पातेलं त्याच्या फळकुटावर ठेवलं होतं. "स्क्रू आवळावे लागले," म्हातारा म्हणाला. "तुझं डोकं लहान आहे." पुढच्या सामन्यात समोरचे त्याला शोधत आले, अगदी त्याला वाटलं होतं तसेच. "ए दिव्या, विझवू का?" असं म्हणत एकाने त्याला फळीवर दाबलं. त्याच्या तोंडात रक्ताची चव आली. आणि त्याला आश्चर्य वाटलं, कारण भीती होती त्या जागी दुसरंच काही होतं. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं. त्याच्या काठीवर चकती आली की टाळ्यांच्या आधी एक शांतता व्हायची, आणि ती शांतता आजवर ओत्सोच्या वाटची होती. पोरं त्याला बघून पास देत होती. तो गोल मारत होता. सामने तीनच उरले होते आणि नोर्पा तळापासून एक पायरी वर आले होते. आरशात तो दिसला, सोनेरी, आणि त्याने हनुवटीचा पट्टा सोडून पुन्हा लावला. साइयाकडून काही निरोप नव्हता. त्याने तिला फोन केला नाही. करेन, म्हणायचा, उद्या.

मग एका सकाळी सरावाला तो आत आला तर ड्रेसिंग रूममध्ये हशा उसळला होता आणि ओत्सो आपल्या जागेवर बसला होता. दाढी काढलेली, गाल बसलेले, अंगात सरावाची जर्सी. "या, राजे!" तो एर्क्काला म्हणाला. डॉक्टरने प्रश्न विचारले होते, ओत्सोने उत्तरं दिली होती. डोकं दुखतं का हे डोक्याच्या मालकालाच विचारावं लागतं, त्याला इलाज नाही. पोरं त्याच्या पाठीवर थापा मारत होती. हळू मारा, एर्क्काला ओरडावंसं वाटलं. तार्मो दारात उभा होता आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा माणसाचा दिसत होता. "फळी जुनीच," तो म्हणाला. "डावीकडे ओत्सो, उजवीकडे एर्क्का. शनिवारी दोघांनी मिळून त्यांचा भुगा करायचा." ओत्सोने वर पातेल्याकडे पाहिलं. "सांभाळून वापर हं," तो म्हणाला. "चार दिवसांसाठी दिलंय." सगळे हसले. एर्क्काही हसला. ओत्सो डावा बूट बांधायला वाकला, आणि उठताना त्याने एक हात बाकावर सपाट दाबून धरला, आणि छताच्या ट्यूबलाइटकडे नजर जाताच एक डोळा मिटला. कोणाचं लक्ष नव्हतं. तो डोळा मिटूनच उर्होला काहीतरी चेष्टा सांगत होता.

या खोलीत दुसऱ्याचं दुखणं बोलायचं नसतं. तुटलेल्या बरगड्या, सुजलेला गुडघा, सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोचला कोणी सांगत नाही. ज्याचं शरीर त्याचा शब्द. एकाने सांगितलं होतं, पूर्वी एका मोसमात, चांगल्या मनाने. सॉनात त्याच्या बाकावर त्यानंतर कोणी बसलं नाही, आणि वसंतात तो गाव सोडून गेला. एर्क्का उभा होता, एका पायात बूट, आणि त्याला वाटलं शनिवारपर्यंत वेळ आहे, तार्मोला एकट्याला गाठून सांगता येईल, फोनवर सांगता येईल, नाव न घेता. बाहेर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र थांबलं. दहा मिनिटांत हे सगळे बर्फावर असतील आणि सरावातही माणसं आदळतात.

"तार्मो, त्याला बर्फावर सोडू नकोस," तो म्हणाला. आवाज वाटला होता त्याहून मोठा निघाला. "तो जिन्यावर ओकतो. फ्रिजचा आवाज सहन होत नाही त्याला. चमच्याला चमचा म्हणता येत नाही."

हसणं एकाच वेळी थांबलं नाही, एकेक करून थांबलं. तार्मोने ओत्सोकडे पाहिलं. "खरंय का?" ओत्सो एर्क्काकडे बघत होता, दोन्ही डोळे उघडून, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो कसला तरी हिशेब जुळवत होता. "जिन्यावर," तो म्हणाला. "जिन्यावर तू नव्हतास." एर्क्काला साइया पायरीवर बसलेली दिसली. तिचं उघडं डोकं दिसलं. "मी पाहिलं," तो म्हणाला. "त्या सुपाच्या गुरुवारी. जाताना." "त्या गुरुवारी मी खाली आलोच नव्हतो." ओत्सोचा आवाज खाली आला. "कोणी सांगितलं तुला?"

ओत्सो वाट बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू घराकडे वळायला लागला होता, स्वयंपाकघराकडे, फ्रिजचा प्लग काढणाऱ्या हाताकडे. मग त्याची नजर वर गेली, एर्क्काच्या डोक्यावरच्या फळकुटावर, आणि तिथे थांबली. त्याने ओठ आत घेतले. एवढ्या वर्षांत एर्क्काने त्याला कधी असं बघताना पाहिलं नव्हतं.

"तुला पातेलं एवढं हवं होतं?" ओत्सोने विचारलं.

हेइमो दारात टॉवेल घेऊन उभा होता. उर्होने मान खाली घातली. नाही म्हटलं असतं तर ओत्सोची नजर परत घराकडे वळली असती. आणि नाही म्हणणं पूर्ण खरंही झालं नसतं.

"हो," एर्क्का म्हणाला. "हवं होतं."

ओत्सो वाकला आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला लागला.